हँडहेल्ड कन्सोल घेताना जुनी गेम लायब्ररी कशी सांभाळावी : इंदूरच्या नवख्या खेळाडूंसाठी

हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून कुठेही गेम खेळण्याचे यंत्र, घ्यायचा म्हटले की चर्चा पडदा, बॅटरी आणि किंमत यांभोवतीच फिरत राहते. ज्याने आजवर एकही गेम विकत घेतलेला नाही, त्याला तेवढे पुरेसे आहे. परंतु ज्याने संगणकावर किंवा प्लेस्टेशनवर काही वर्षे पैसे घालून गेम जमवले आहेत, त्याच्यासाठी यंत्रापेक्षा लायब्ररीचा, म्हणजे जमवलेल्या गेमच्या संग्रहाचा, प्रश्न मोठा असतो, कारण चुकीचे यंत्र घेतल्यास तेच गेम पुन्हा विकत घेण्याची वेळ येते. इंदूरच्या मराठी घरांतली पुष्कळ मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला जातात, संगणक राजेंद्रनगर किंवा लोकमान्यनगरच्या घरी राहतो आणि गेम मात्र सोबत हवे असतात. हँडहेल्डची गरज बहुधा तिथूनच सुरू होते. म्हणून या लेखात आधी लायब्ररी मोजायची, मग तिला साजेसे यंत्र निवडायचे आणि शेवटी दोन्हींची व्यवस्था लावायची, असा क्रम ठेवला आहे.

पहिली पायरी : आपल्याकडे नेमके काय आहे, याची यादी

एक वही घ्यावी किंवा संगणकावर एक तक्ता करावा. प्रत्येक गेमपुढे तो कोणत्या दुकानातून घेतला, कोणत्या ईमेलच्या खात्यावर आहे, आणि तो विकत घेतलेला आहे, फुकट मिळालेला आहे की वर्गणीतून दिसणारा आहे, एवढे लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढचे सगळे निर्णय याच कागदावर अवलंबून आहेत.

यादी करताना वर्गणीच्या गेमकडे नीट पाहावे. प्लेस्टेशन प्लस या वर्गणीतून दर महिन्याला मिळणारे गेम लायब्ररीत कायमचे आल्यासारखे वाटतात, परंतु वर्गणी थांबली की ते उघडत नाहीत आणि वर्गणी पुन्हा भरली की परत येतात. एक्सबॉक्सच्या गेम पासमध्ये तर वर्गणी चालू असतानाही एखादा गेम यादीतून काढला जाऊ शकतो. याउलट एपिक गेम्स स्टोअरवर ठरावीक मुदतीत फुकट मिळणारा गेम एकदा आपल्या खात्यात घेतला की तो विकत घेतलेल्या गेमसारखाच राहतो. आपल्या देशात कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत आणि त्यामुळे वर्गणीचे नूतनीकरण कधी कधी अडते. तेव्हा वर्गणीतले गेम ‘आपले’ या रकान्यात धरूच नयेत.

विकत घेतलेल्या गेमबाबतही अपेक्षा बेताची ठेवावी. डिजिटल दुकानातून आपण घेतो तो गेम वापरण्याचा परवाना असतो. हे नेहमीच खरे होते, पण दुकाने ते ठळकपणे सांगत नसत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले आणि त्याआधीच, २०२४ च्या ऑक्टोबरात, स्टीम या संगणकावरच्या गेमच्या दुकानाने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना दाखवायला सुरुवात केली. परवाना म्हणजे काय याचा अनुभव ‘द क्रू’ या गेमच्या खेळाडूंना आला. युबिसॉफ्ट या कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळता येणारा भागही सर्व्हरशी जोडलेला असल्यामुळे पैसे देऊन घेतलेला संपूर्ण गेम निकामी झाला. म्हणून यादीत आणखी एक रकाना असावा : हा गेम इंटरनेटशिवाय चालतो का? ज्यांच्यापुढे ‘नाही’ असे लिहावे लागते, त्यांच्यासाठी कोणतेही यंत्र घेतले तरी भविष्याची हमी नाही.

दुसरी पायरी : लायब्ररीवरून यंत्र निवडणे

यादीत स्टीमचे गेम जास्त असतील, तर व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक हा सर्वांत सरळ पर्याय आहे. तो २०२२ च्या फेब्रुवारीत बाजारात आला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात त्याची ओएलईडी पडद्याची आवृत्ती आली. आधीच्या आवृत्तीत ४० वॉट-तासांची बॅटरी होती, नव्या आवृत्तीत ५० वॉट-तासांची आहे. त्यावर विंडोज नसून लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस ही प्रणाली चालते आणि विंडोजसाठी लिहिलेले गेम ‘प्रोटॉन’ नावाच्या मधल्या थरातून चालवले जातात. कोणता गेम कितपत चालतो हे स्टीमवरच कळते : हिरवी खूण म्हणजे तपासून उत्तम ठरलेला, पिवळी म्हणजे किरकोळ अडचणींसह खेळण्याजोगा, राखाडी म्हणजे न चालणारा. यंत्र घेण्याआधी आपल्या खात्याने लॉगिन करून संपूर्ण लायब्ररीची ही तपासणी स्टीमच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते आणि ती न पाहता पैसे देण्यात शहाणपण नाही. खेळाडूंचे प्रत्यक्ष अनुभव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर मिळतात आणि काही वेळा ते अधिकृत खुणेपेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

स्टीम डेकची खरी मर्यादा स्पर्धात्मक ऑनलाइन गेममध्ये दिसते. अशा गेममधले फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजच्या गाभ्यात बसवले जाते आणि ते लिनक्सवर चालत नसल्याने किंवा निर्मात्यांनी तिथे चालू न केल्याने व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट तिथे खेळता येत नाहीत. एपेक्स लेजेंड्स आधी चालत असे, पण २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या निर्मात्यांनी लिनक्सचा प्रवेश बंद केला. ज्याचे मित्रमंडळ रोज रात्री असेच गेम खेळते, त्याने असूसची रॉग अ‍ॅली किंवा एमएसआयची क्लॉ यांसारखी विंडोजची यंत्रे पाहावीत. रॉग अ‍ॅली २०२३ च्या जुलैत भारतात अधिकृतपणे आली तेव्हा तिची किंमत ६९,९९० रुपये होती. विंडोजवर स्टीम, एपिक, जीओजी, एक्सबॉक्स ही सगळी दुकाने आपापल्या मूळ स्वरूपात चालतात, हा लायब्ररीच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. मात्र लहान पडद्यावर बोटाने विंडोज हाताळणे हे प्रकरण चिडचिड करणारे आहे आणि गेम अर्धवट ठेवून यंत्र झोपवणे व पुन्हा तिथूनच सुरू करणे स्टीमओएसइतके भरवशाचे नाही. एक्सबॉक्सवर घेतलेल्या गेमपुढे ‘प्ले एनीव्हेअर’ असे लिहिलेले असेल, तर तो त्याच खात्यातून विंडोजवर पुन्हा पैसे न देता मिळतो. तसे लिहिलेले नसेल, तर मिळत नाही.

प्लेस्टेशन पोर्टलबद्दल नवख्यांचा हमखास गैरसमज होतो. ते स्वतः गेम साठवून चालवणारे यंत्र नाही. मुळात ते घरातल्या पीएस५ वर चालणारा गेम इंटरनेटवरून हातात दाखवते, त्यामुळे घरी पीएस५ आणि दोन्ही टोकांना चांगले वायफाय नसेल तर त्याचा प्रवासात उपयोग नाही. निन्टेन्डोची गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे : तिच्या स्विच या हँडहेल्डवर फक्त स्विचसाठी घेतलेलेच गेम चालतात, म्हणजे आधीची संगणकावरची लायब्ररी तिथे शून्य धरावी. मारिओ किंवा झेल्डा खेळायचे असतील तर दुसरा मार्ग नाही, हे मान्य. पण तो निर्णय नवी लायब्ररी सुरू करण्याचा आहे, हे समजून घ्यावा.

तिसरी पायरी : खरेदी

इंदूरमध्ये संगणकाच्या सामानासाठी आर.एन.टी. मार्गावरचे सिल्व्हर मॉल आणि मोबाइलसाठी जेल रोडचा परिसर सर्वांना ठाऊक आहे. असूस किंवा एमएसआयचे यंत्र घेताना जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटी भारतातली आहे ना, हे कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून दुकानातच तपासावे. स्टीम डेक आणि निन्टेन्डोची यंत्रे आपल्याकडे प्रामुख्याने बाहेरून आयात होऊन विकली जातात. तिथे ‘वॉरंटी आहे’ याचा अर्थ बहुधा दुकानदाराची वॉरंटी असा असतो. ती किती महिन्यांची आहे आणि दुरुस्ती कोण करणार, हे बिलावर लिहून घ्यावे. परदेशातून नातेवाइकाकरवी यंत्र मागवल्यास सीमाशुल्काचा हिशेब आधीच करावा.

सेकंडहँड यंत्र घेताना ते आधीच्या मालकासमोर चालू करून, त्याचे खाते त्याच्याच हाताने बाहेर काढून, यंत्र मूळ स्थितीला आणल्याशिवाय पैसे देऊ नयेत. निन्टेन्डोच्या यंत्राबाबत आणखी एक तपासणी अनिवार्य आहे. नियमभंग आढळल्यास निन्टेन्डो त्या यंत्राचाच ऑनलाइन प्रवेश बंद करते आणि मालक बदलला तरी ती बंदी उठत नाही. म्हणून दुकानातच वायफाय जोडून निन्टेन्डोचे ई-शॉप हे ऑनलाइन दुकान उघडते का, ते पाहावे. ‘यात शंभर गेम आधीच भरून दिले आहेत’ असे कोणी सांगितले तर ते यंत्र घेऊ नये. त्या गेमवर आपला कोणताही हक्क नसतो आणि खाते धोक्यात येते, ते वेगळेच.

मेमरी कार्ड स्वस्तात मिळते म्हणून कोणतेही उचलू नये. बनावट कार्ड पडद्यावर ५१२ जीबी दाखवते आणि प्रत्यक्षात त्याच्या एका लहान तुकड्याइतकेच साठवते. उरलेला मजकूर नि:शब्दपणे नष्ट होतो. नवे कार्ड आधी संगणकात घालून एच२टेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासावे. स्विच २ या निन्टेन्डोच्या नव्या यंत्रासाठी साधे मायक्रोएसडी कार्ड गेम साठवायला चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस हाच प्रकार लागतो.

चौथी पायरी : खाते पक्के करणे

यंत्र हरवले तर दुसरे घेता येते आणि सगळे गेम परत उतरवता येतात. खाते हरवले तर काहीच परत येत नाही. तरीही महागड्या कव्हरवर पैसे घालणारे लोक खात्याकडे ढुंकून पाहत नाहीत.

खात्याचा ईमेल आपला वैयक्तिक असावा. महाविद्यालयाने किंवा कंपनीने दिलेला पत्ता शिक्षण संपल्यावर वा नोकरी सुटल्यावर बंद होतो आणि पासवर्ड बदलण्याची वाटच उरत नाही. शाळेत असताना उघडलेली बरीच खाती अशाच जुन्या, आता न उघडणाऱ्या पत्त्यांवर असतात, म्हणून आज लॉगिन होत असेल तर आजच पत्ता बदलून घ्यावा. मोबाइल क्रमांकाचेही तसेच आहे. पुण्याला गेल्यावर नवे सिम घेतले आणि इंदूरचे जुने रिचार्ज न केल्यामुळे बंद पडले, तर तो क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला मिळतो आणि ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. सिम सोडण्याआधी प्रत्येक दुकानाच्या खात्यावरचा क्रमांक बदलणे हे बँकेच्या खात्याइतकेच आवश्यक समजावे.

दुहेरी पडताळणी सर्व ठिकाणी चालू करावी. स्टीम गार्ड ही स्टीमची तशी सोय सुरू केल्यावर आर या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा एक सुटकेचा कोड मिळतो. तो कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवावा, फोनमध्ये नव्हे, कारण फोन गेला तर त्याचीच गरज पडणार असते. खात्यावरच्या सुरुवातीच्या खरेदीचे ईमेलही पुसू नयेत. खाते कोणी बळकावले तर मालकी सिद्ध करताना जुन्या खरेदीचा तपशील मागितला जातो.

घरात दोघे-तिघे खेळत असतील तर एकच पासवर्ड सर्वांना देण्यापेक्षा स्टीम फॅमिलीज ही सोय वापरावी. त्यात एकाच घरातली सहापर्यंत माणसे येतात, प्रत्येकाचे खाते आणि सेव्ह (गेममध्ये जतन केलेली प्रगती) वेगळे राहतात आणि एकमेकांचे बहुतेक गेम खेळता येतात, मात्र एका प्रतीवर एका वेळी एकच जण. यातली एक अट धाकट्या भावंडांना बसवून समजावून द्यावी : आपल्या प्रतीवर खेळताना त्यांनी फसवणूक केली आणि बंदी आली, तर त्या गेमपुरती बंदी मूळ मालकावरही येते.

पाचवी पायरी : गेम उतरवणे आणि ऑफलाइन तपासणी

यंत्र प्रथम चालू केल्यावर आधी प्रणालीचे सर्व अपडेट होऊ द्यावेत, मग खाते जोडावे. मोठे गेम पुन्हा इंटरनेटवरून उतरवण्याची गरज नसते. बाल्डर्स गेट ३ साठी १५० जीबी जागा लागते. असा गेम घरच्या संगणकावर आधीच असेल, तर संगणक आणि हँडहेल्ड एकाच वायफायवर ठेवून दोन्हीकडे स्टीम उघडे ठेवावे आणि स्थानिक नेटवर्कवरून गेम हलवण्याची सोय चालू करावी. २०२३ पासून स्टीममध्ये ही सोय आहे आणि तिने डेटा व वेळ दोन्ही वाचतात. पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, तर चार-पाच दिवस आधी हे करावे.

त्यानंतरची तपासणी बहुतेक जण गाळतात. गेम इन्स्टॉल झाला म्हणजे तो प्रवासात चालेलच असे नाही. पहिल्यांदा उघडताना त्याला इंटरनेटवरून परवाना पडताळावा लागतो, काही फाइली तयार कराव्या लागतात, आणि युबिसॉफ्ट, ईए किंवा रॉकस्टार यांच्या गेममध्ये स्टीमच्या मागे त्या कंपनीचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करणारा प्रोग्राम, दडलेला असतो, ज्याचे लॉगिन वेगळे असते. म्हणून प्रत्येक गेम घरी एकदा ऑनलाइन उघडून पहिल्या प्रसंगापर्यंत न्यावा, सेव्ह करावा, बंद करावा. मग यंत्र विमान-मोडवर टाकून पुन्हा उघडून पाहावा. जो गेम या परीक्षेत उतरत नाही, तो इंदूर-पुणे रात्रीच्या बसमध्ये, सेंधव्यापुढच्या बिजासन घाटात नेटवर्क गेल्यावर चालणार नाही. तो कार्डावर ठेवून जागा अडवण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी : सेव्ह सांभाळणे

गेम पुन्हा उतरवता येतो. शंभर तास खेळून केलेली प्रगती येत नाही. सेव्हची प्रत इंटरनेटवर ठेवणारा स्टीम क्लाउड प्रत्येक गेमला असतोच असे नाही. गेमच्या दुकानातल्या पानावर ढगाची खूण आहे की नाही, ते पाहून ज्यांना ती नाही त्यांच्या नावापुढे यादीत फुली करावी. स्टीम डेकवर अशा गेमचे सेव्ह बहुधा ‘कॉम्पॅटडेटा’ या फोल्डरमध्ये, गेमच्या क्रमांकाच्या नावाखाली असतात आणि डेस्कटॉप मोडमध्ये, म्हणजे साध्या संगणकासारख्या मांडणीत, जाऊन त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेता येते.

क्लाउड असलेल्या गेममध्येही एक धोक्याची जागा आहे. बसमध्ये ऑफलाइन खेळून घरी आल्यावर यंत्र इंटरनेटला जोडण्याआधीच संगणकावर तोच गेम उघडला, तर दोन वेगळे सेव्ह तयार होतात आणि स्टीम विचारते की यंत्रावरचा ठेवायचा की क्लाउडवरचा. तिथे घाईने उत्तर देऊ नये. दोन्हींपुढे लिहिलेली तारीख-वेळ वाचावी, शंका असल्यास रद्द करून आधी सेव्हची प्रत काढावी आणि मग निवड करावी. एका यंत्रावर खेळणे थांबवल्यावर त्याला काही मिनिटे वायफाय देऊन, वर चढवण्याचे काम संपल्याची खूण पाहूनच दुसरे यंत्र उघडावे, ही सवय लावली की हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

स्विचवर सेव्ह यंत्राच्या आतल्या साठ्यातच राहतात. ते मेमरी कार्डावर काढून ठेवता येत नाहीत. क्लाउडसाठी निन्टेन्डो स्विच ऑनलाइनची वर्गणी लागते, काही गेमना ती सोय मुळीच नाही, आणि वर्गणी संपल्यानंतर क्लाउडवरचे सेव्ह परत मिळवण्यासाठी १८० दिवसांच्या आत ती पुन्हा भरावी लागते. कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायचे गेमचे कार्ड, घेतले म्हणजे सगळे सुरक्षित असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शिवाय स्विच २ च्या काही डब्यांत ‘गेम-की कार्ड’ असते. त्यात गेम नसतो, फक्त तो उतरवण्याची परवानगी असते, आणि तसे डब्याच्या दर्शनी बाजूलाच छापलेले असते.

सातवी पायरी : स्टीमबाहेरची दुकाने

एपिक आणि जीओजी यांचे अधिकृत प्रोग्राम लिनक्सवर मिळत नाहीत. स्टीम डेकवर डेस्कटॉप मोडमध्ये ‘हिरोइक गेम्स लाँचर’ इन्स्टॉल करून दोन्ही खाती जोडता येतात आणि तिथले गेम स्टीमच्या यादीत घालता येतात. जीओजीबाबत आणखी पुढे जावे. तिथल्या गेमना नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप नसते आणि प्रत्येक गेमचा संपूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून घेता येतो. तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवला की दुकान चालू असो वा नसो, गेम चालतो. एखादा आवडता एकट्याने खेळायचा गेम दोन्हीकडे साधारण सारख्याच किमतीत असेल, तर मी जीओजीवरचा घेण्याचाच सल्ला देईन.

आठवी पायरी : कपाटातली जुनी यंत्रे

घरात सोनीचे पीएसपी, व्हिटा किंवा निन्टेन्डोचे ३डीएस हे जुने हँडहेल्ड पडून असेल, तर ते आजच चार्ज करावे. निन्टेन्डोने ३डीएसचे ई-शॉप २७ मार्च २०२३ रोजी खरेदीसाठी बंद केले. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय त्यानंतरही ठेवली, पण ती कायमची आहे असे आश्वासन कोणी दिलेले नाही. सोनीने २०२१ मध्ये पीएस३ आणि व्हिटाची दुकाने बंद करण्याचे जाहीर करून खेळाडूंच्या विरोधानंतर तो निर्णय मागे घेतला, पीएसपीवरून खरेदी मात्र त्याच वर्षीच्या जुलैत थांबली. दुकान उघडे आहे तोवर आपले सर्व गेम यंत्रावर उतरवून ठेवणे एवढेच आपल्या हातात आहे. ३डीएसवरची खरेदी त्या विशिष्ट यंत्राशी बांधलेली असते, म्हणून ते बिघडण्याआधी दुसरे मिळाले तर निन्टेन्डोच्या अधिकृत हस्तांतराने सर्व काही त्यावर न्यावे. पडून असलेल्या यंत्राची बॅटरी पूर्ण रिकामी ठेवू नये. अर्धी भरून ठेवावी आणि दर काही महिन्यांनी पाहावी. फुगलेली दिसली, तर चार्जरला न लावता बदलून घ्यावी. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उभ्या गाडीत नवे किंवा जुने कोणतेच यंत्र ठेवू नये.

नववी पायरी : यंत्र विकताना

हँडहेल्ड दोन-तीन वर्षांनी विकला जातोच. त्या वेळी प्रथम सर्व सेव्ह क्लाउडवर चढल्याची खात्री करावी, क्लाउड नसलेल्यांच्या प्रती काढाव्यात, स्विच असल्यास सेव्ह नव्या यंत्रावर हलवल्याशिवाय जुने पुसू नये. मग यंत्रातून प्रत्येक दुकानाचे खाते बाहेर काढावे, हिरोइकसारख्या प्रोग्राममधलेही. मेमरी कार्ड काढून घ्यावे आणि यंत्र मूळ स्थितीला आणावे. शेवटी संगणकावरून स्टीम गार्डच्या पानावर जाऊन अधिकृत यंत्रांच्या यादीतून ते नाव काढून टाकावे.